कर्जतचा राजनाला आणि कशेळ्याचा रस्ता: मुंबईहून एका दिवसात करण्याजोगी कालव्याकाठची सायकल सफर

आपला प्रश्न असा आहे की, इंग्लंडमध्ये कालव्याच्या काठाने आणि पुढे गावरस्त्यांनी दिवसभर सायकल चालवतात, तसा एखादा मार्ग मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे का. आपण मुलुंडला राहता, दोघींकडेही गिअरच्या हायब्रिड सायकली आहेत, बरोबर पंधरा वर्षांची मुलगी असेल आणि रविवारी चाळीस किलोमीटर चालवण्याची दोघींना सवय आहे. असा मार्ग आहे आणि तो कर्जत तालुक्यात आहे. मात्र त्याची आखणी किलोमीटरच्या हिशेबाने न करता कालव्याचे पाणी कोठून येते, केव्हा येते आणि कोणासाठी येते हे पाहून करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढे जे सविस्तर लिहिले आहे त्यामागे हेच कारण आहे.

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. इंग्लंडमधील कालवे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मालवाहतुकीसाठी खणले गेले आणि काठाची वाट ही नावा दोराने ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधली गेली. त्यामुळे ती वाट सलग असते आणि जेथे जलपाश, म्हणजे नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद, असतात तेथेच तिला चढ-उतार येतो; केनेट आणि एव्हन कालव्यावर डिव्हायझेस येथे अशा २९ जलपाशांची रांग आहे. आपल्याकडचे कालवे सिंचनाचे आहेत. त्यांच्या काठचा रस्ता पाटकऱ्याला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, फिरता यावे आणि दुरुस्तीची यंत्रे नेता यावीत एवढ्यापुरता केलेला असतो. तो कोठे जीप जाईल एवढा रुंद असतो, कोठे पायवाटेएवढा उरतो, तर कोठे मोरीपाशी संपून पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. एक गुण मात्र दोन्हीकडे समान आहे. पाणी स्वतःच्या उताराने पुढे जावे म्हणून सिंचनाचा कालवा टेकडीच्या कडेने समपातळी धरून नेतात आणि त्याचा उतार इतका अल्प असतो की सायकलवर तो जाणवत नाही. चढाची धास्ती असलेल्या नव्या सायकलस्वाराला कालव्याचा काठ दाखवावा, तो याच कारणासाठी.

कर्जतच्या या कालव्यांना राजनाला म्हणतात आणि त्यातील पाण्याचा प्रवास समजून घेतल्याशिवाय तेथे जाऊ नये, कारण या सफरीचा निम्मा आनंद त्यातच आहे. सह्याद्रीच्या पलीकडे आंदर मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून तिचे पाणी बोगद्यातून आणि पुढे नळांतून घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात आणले जाते. हे केंद्र १९२२ साली सुरू झाले आणि खोपोली, भिवपुरी, भिरा या टाटांच्या तीन जुन्या जलविद्युत केंद्रांपैकी ते मधले आहे. आंद्रा ही इंद्रायणीला मिळणारी नदी. म्हणजे हे पाणी निसर्गक्रमाने भीमा आणि कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागराला गेले असते. ते पश्चिमेला वळवून मुंबईसाठी वीज निर्माण केली जाते आणि चक्रे फिरवून बाहेर पडलेल्या पाण्याचा काही वाटा राजनाल्यातून भातशेतीला मिळतो. उरलेले पाणी पेज नदीतून उल्हास नदीला जाऊन मिळते. उन्हाळ्यातही उल्हास नदी बदलापूरपर्यंत वाहती राहते, याचे मोठे श्रेय या पाण्याला आहे. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण या पट्ट्यातील वाचकांच्या घरी याच नदीचे पाणी येते, हेही येथे सांगून ठेवतो.

कोकणात पावसाळी भात कापल्यावर बहुतेक शेते पावसाळ्यापर्यंत पडीक राहतात. राजनाल्याच्या टापूत मात्र उन्हाळी भाताचे दुबार पीक घेतले जाते. कालव्याला पाणी सोडतात ते या पिकासाठी, साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे. म्हणून जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा आपल्यासाठी उत्तम काळ आहे. लावणी झालेली असते, आजूबाजूचे डोंगर पिवळे पडलेले असताना कालव्याखालची शेते हिरवी असतात आणि सकाळी हवेत चांगला गारवा असतो. मार्चनंतर घाटाखालचे ऊन दहा वाजताच असह्य होते. पावसाळ्यात कालव्याच्या काठाची माती इतकी चिकट होते की चाके आणि मडगार्ड यांमध्ये चिखल बसून सायकल उचलून न्यावी लागते. त्या दिवसांत फक्त डांबरी रस्त्यांवरच राहावे. काही वर्षी दुरुस्तीच्या कामासाठी कालवा बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी कडाव किंवा कर्जतमधील एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करून पाणी सुरू आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष मार्ग. नावावरून नेहमी होणारा एक घोटाळा आधीच टाळावा: मध्य रेल्वेवरील भिवपुरी रोड हे स्थानक आणि वीजकेंद्राची भिवपुरी ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. स्थानक नेरळ आणि कर्जत यांच्या मध्ये आहे, तर वीजकेंद्र त्याच्या पूर्वेला, थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. आपण कर्जत स्थानकापासूनच सुरुवात करावी. तेथून चारफाट्यावर यावे आणि मुरबाडकडे जाणारा रस्ता धरावा. हा मोठा रस्ता असल्यामुळे शनिवारी-रविवारी शेतघरांकडे जाणाऱ्या मोटारींची वर्दळ नऊनंतर वाढते; त्याआधी कडाव गाठलेले बरे. कडावला गणपतीचे प्रसिद्ध देऊळ आहे आणि चहा-नाश्त्याची सोयही आहे. पाण्याच्या बाटल्या येथेच भरून घ्याव्यात, कारण पुढे दुकाने तुरळक आहेत.

कडावहून मुख्य रस्ता सोडून भिवपुरी कॅम्पच्या दिशेने पूर्वेला वळावे. येथून सफरीचा खरा भाग सुरू होतो. समोर सह्याद्रीची भिंत, उजव्या हाताला दूरवर ढाकचा डोंगर आणि जसजसे जवळ जावे तसतसे डोंगरउतारावरून खाली येणारे वीजकेंद्राचे नळ स्पष्ट दिसू लागतात. केंद्राच्या आवारात प्रवेश नाही आणि फाटकापाशी छायाचित्रे काढू नयेत. तेथे पोहोचण्याचा हेतू एवढाच की, शंभर वर्षांपूर्वी वळवलेले पाणी ज्या डोंगरातून उतरते तो डोंगर पाहून मग त्या पाण्याच्या सोबतीने खाली यावे. माझ्या मते ही सफर याच दिशेने करावी. कर्जतकडून कालवा धरून वर गेल्यासही अंतर तेवढेच पडते, पण तेव्हा आपण पाण्याच्या उलट जात असतो आणि पाणी कसे वाटले जाते ते उलगडत नाही. वरून खाली येताना मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या वितरिका, त्यांतून निघणारे पाट आणि शेवटी एकेका खाचरात शिरणारे पाणी असा सगळा क्रम डोळ्यांसमोर घडतो. पंधरा वर्षांच्या मुलीला भूगोलाच्या पुस्तकात हे इतके स्पष्ट कळणार नाही.

कालव्याचा काठ सलग मिळणार नाही हे गृहीत धरूनच निघावे. फोनवरील नकाशात त्याची रेघ मध्येच तुटलेली दिसते, म्हणून गावात शिरल्यावर "राजनाल्याची वाट कोठून आहे" असे सरळ विचारावे. लोक आपुलकीने सांगतात. जेथे काठ रुंद व कोरडा आहे तेथे तो धरावा, जेथे झुडपे वाढली आहेत किंवा भराव खचला आहे तेथे जवळच्या गावरस्त्यावर उतरावे आणि पुढच्या मोरीवर पुन्हा कालवा गाठावा. अशा रीतीने गौरकामत आणि वदप या गावांच्या बाजूने कर्जतकडे परत येता येते. हा पूर्ण फेरा दोघींना निवांतपणे दुपारपर्यंत पुरतो आणि पहिल्या वेळी मी एवढ्यावरच थांबण्याचा सल्ला देईन.

दम शिल्लक असेल, किंवा पुढच्या वेळी अधिक मोठा पल्ला करायचा असेल, तर कडावहून मुरबाड रस्त्यानेच पुढे कशेळ्याला जावे आणि तेथून आत आंबिवलीकडे वळावे. आंबिवली हे कोथळीगडाच्या पायथ्याचे गाव असून गावाजवळ नदीकाठी प्राचीन लेणे आहे. कर्जतपासून आंबिवली सुमारे ३० किलोमीटर पडते, म्हणजे जाऊन-येऊन साठ. रस्ता चढ-उतारांचा आहे आणि कालव्यासारखी सपाटी तेथे नाही. कालवा आणि आंबिवली एकाच दिवशी करणे सरावलेल्यांनाच झेपेल. त्यांनीही आंबिवली सकाळी आणि कालवा दुपारनंतर ठेवावा. याचे कारण वारा आहे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि कर्जतकडे परतताना तो बहुतेक वेळ समोरून येतो. दमलेल्या पायांनी चढ आणि वारा या दोघांशी झुंजण्यापेक्षा त्या वेळी सपाट काठावर असलेले बरे. जानेवारीत सूर्य सव्वासहानंतर मावळतो, पण ढाक आणि राजमाची यांच्या पायथ्याच्या गावांत उजेड कितीही सुंदर वाटला तरी पाच वाजेपर्यंत कर्जतच्या वाटेला लागावे, कारण मोठ्या रस्त्यावर अंधारात सायकल चालवणे मी कोणालाही सुचवणार नाही.

आता काठावर कसे वागावे याविषयी, आणि हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. कालवा आणि त्याचा काठ जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. गावकरी आजही त्याला पाटबंधारे खातेच म्हणतात. तो सार्वजनिक रस्ता नाही. कोठे साखळी लावलेली असेल किंवा पाटकऱ्याने हात केला, तर वाद न घालता मागे फिरावे. शेतकरी मोटारसायकलवरून खत नेत असतो, बाया डोक्यावर रोपांच्या मुड्या घेऊन जात असतात, म्हशी पाण्यावर येतात. या प्रत्येकाचा त्या वाटेवरचा हक्क आपल्या आधीचा आहे, म्हणून सायकलवरून उतरून बाजूला उभे राहावे. घंटी वाजवून म्हशी बिचकवल्या तर त्या कालव्यात उतरतात आणि मग मालकाचा तासभर जातो. कालव्यावर कपडे धुणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे काढू नयेत. कोणत्याही दरवाजाच्या चाकाला किंवा शेताच्या तोंडाशी लावलेल्या फळीला हात लावू नये. पाण्याची पाळी ठरलेली असते आणि एका शेताची फळी हलली तर खालच्या चार शेतांचे पाणी चुकते. खाचरांच्या बांधांवर सायकल घालू नये, बांध चाकाने दबतो आणि फुटतो.

पाण्यात उतरणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या आणि शेवाळामुळे निसरड्या असतात, पाणी संथ दिसले तरी त्याला ओढ असते आणि पोहता येणाऱ्या माणसालाही तेथून वर चढता येत नाही. मुलीला हे घरूनच सांगून ठेवावे. काठावर एकामागे एक चालवावे, पाण्यापासून दूरच्या कडेला राहावे आणि मोरीच्या तोंडाशी, जेथे माती वाहून गेलेली असते, तेथे उतरून सायकल हातात धरून न्यावी.

सायकलबाबत फार चिंता नको. टायर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतील तर हायब्रिड पुरेशी आहे. काठावर हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे खडीवर पकड राहते. रेसिंगच्या बारीक टायरांनी मात्र कशेळ्याच्या डांबरी रस्त्यावरच समाधान मानावे. शेतांच्या कुंपणाला बोरी-बाभळीच्या फांद्या रचलेल्या असतात आणि त्यांचे काटे वाटेवर पडतात, त्यामुळे प्रत्येक सायकलमागे एक जादा ट्यूब, ठिगळे आणि पंप हवाच. ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याची खात्री करावी.

मुलुंडहून कर्जतपर्यंत सायकलने जाऊन त्याच दिवशी परत येणे शक्य असले तरी मी ते सुचवत नाही, कारण त्यात सगळी ताकद महामार्गावरच खर्च होते. घडीची सायकल पिशवीत घालून मालडब्यातून नेणे सर्वांत सोयीचे. सबंध सायकलीसाठी सामानाच्या तिकिटाचा नियम तिकीट खिडकीवर आदल्या दिवशी विचारावा. आपल्या हायब्रिड सायकलींसाठी मोटारीच्या मागे लावायचा कॅरिअर हाच खरा उपाय आहे. मोटार कर्जत स्थानकाजवळ ठेवून पुढे सायकलने जावे. परतीला स्थानकाबाहेर कर्जतचा वडापाव मिळतोच, पण तेथील स्थानिक तांदूळही घेण्याजोगा आहे. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे आणि 'कर्जत' या नावाने क्रमांक दिलेली भाताची अनेक वाणे तेथेच विकसित झालेली आहेत.

आपल्या प्रश्नाखाली बोरिवली आणि विरारच्या दोन सदस्यांनीही विचारले आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. पश्चिम रेल्वेवरून कर्जत आडवळणी पडते. त्यांनी सूर्या प्रकल्पाचा विचार करावा. धामणी धरणाच्या खाली कवडास येथे बंधारा आहे आणि सूर्येचे डावा व उजवा असे दोन कालवे डहाणू, विक्रमगड आणि पालघर या तालुक्यांत पाणी नेतात. तेथे डोंगर दूर आणि बागा जवळ आहेत, वस्ती विरळ आहे आणि अंतरे मोठी आहेत. म्हणून पाणी, जेवण आणि पंक्चरचे सामान सगळे बरोबर घेऊन, किमान तिघांनी मिळून जावे. वर लिहिलेले काठावरचे सर्व नियम तेथेही तसेच लागू आहेत.