लिनक्ससाठी मोडेम घेण्याआधी

मित्रा, फोनलाइनवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम घ्यायला गेलास की दुकानदार आधी स्वस्तातलं, संगणकाच्या आत बसणारं इंटर्नल पीसीआय कार्ड पुढे करेल. ते घेऊ नकोस. त्यातली बहुतेक 'विनमोडेम' असतात. सिग्नलचं बरंचसं काम कार्डावरची चिप करतच नाही, विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत ते प्रोसेसरवर ढकललेलं असतं. लिनक्ससाठी ड्रायव्हर नसला की कार्ड नुसतं पडून राहतं. ल्युसेंट कंपनीच्या काही चिपांचे ड्रायव्हर मिळायचे, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की ते पुन्हा कंपाइल करावे लागायचे. माझे दोन रविवार त्यात गेलेत.

सरळ एक्स्टर्नल सिरियल मोडेम घे. वेगळा अडॅप्टर, पुढे लुकलुकणारे दिवे, मागे आरएस-२३२ची, म्हणजे सिरियल पोर्टची केबल. महाग पडतो, पण आपलं काम आपण करतो आणि हेज कंपनीच्या 'एटी' आज्ञा (मोडेमला द्यायच्या ठरलेल्या सूचना) पाळतो, त्यामुळे खास ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमधला कॉम१ हा सिरियल पोर्ट म्हणजे लिनक्समध्ये टीटीवायएस०. मोडेमला थेट आज्ञा देता येणाऱ्या मिनिकॉम या प्रोग्रॅममध्ये 'एटी' टाइप कर, 'ओके' आलं की मोडेम बोलला! मग इंटरनेट जोडणारा डब्ल्यूव्हीडायल हा प्रोग्रॅम चालव.

फोनमध्ये डायलटोन ऐकू येत असूनही मोडेम 'नो डायलटोन' म्हणत असेल, तर सुरुवातीच्या आज्ञेत 'एक्स३' घाल. मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. लाइन जुन्या पल्स पद्धतीची असेल तर टोनने नंबर फिरवणाऱ्या 'एटीडीटी' आज्ञेऐवजी पल्सची 'एटीडीपी' दे.

यूएसबीचाच हवा असेल तर सीडीसी-एसीएम हे यूएसबी मोडेमचं सामाईक मानक पाळणाराच बघ.