डॅनिश संगीतकार बेंट्सन: ऐकायला सुरुवात कुठून?

प्रश्न: नील्स व्हिगो बेंट्सनच्या रचना सहाशेच्या वर आहेत म्हणे, मग नेमकं काय ऐकायचं? आणि हा माणूस खरंच अवाँगार्द, म्हणजे रूढ चौकट मोडणारा प्रयोगशील कलावंत, होता का?

उत्तर: आकडा खरा आहे, घाबरू नका. १९१९ मध्ये कोपनहेगनला जन्म, आईकडून हार्टमान या नामांकित संगीतकाराच्या घराण्यातला, पण पोराला आधी वेड लागलं जॅझचं, आणि तो मोकळेपणा शेवटपर्यंत वाजवण्यात राहिला, पियानोवर तर तो तुफानच होता. सुरुवात १९४५ च्या 'पार्तिता' या पियानो-रचनेपासून करा, पियानो अक्षरशः दणाणतो. मग चौथी सिंफनी, 'मेटामॉर्फोसेस', म्हणजे छोट्या कल्पनेचं रूप बदलत बदलत अख्खी इमारत उभी करायची, हीच त्याची खरी ताकद. जर्मन संगीतकार बाखसारखे चोवीस प्रील्यूड (छोटी सुरुवातीची रचना) आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत एकामागोमाग गुंफलेली रचना) त्याने १९६४ मध्ये लिहिले, आणि तेवढ्यावर थांबेल तर बेंट्सन कसला, पुढे डझनभर संच आणखी! (सगळे ऐकायचा हट्ट नको, माझ्या मते एवढ्या पसाऱ्यात सगळंच सारखं उतरलेलं नाही.)

अवाँगार्दचं म्हणाल तर साठच्या दशकात फ्लक्सस (कलेच्या रूढ कल्पनांची खिल्ली उडवणारी चळवळ), हॅपनिंग (प्रेक्षकांसमोर घडवलेले मुक्त प्रयोग) वगैरे त्याने मनसोक्त केलं, तेही कोपनहेगनच्या रॉयल संगीत अकादमीत शिकवत असताना. २००० मध्ये तो गेला.