रविवारी पोट दुखत नाही, म्हणून ते खोटं नसतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी ११ वर्षांची. गावची शाळा पाचवीपर्यंतच, म्हणून जूनमध्ये चोपड्याला सहावीत घातली. दिवाळीपासून रोज सकाळी पोट दुखतं, सोनोग्राफी आणि रक्त-लघवी सगळं नॉर्मल, रविवारी मात्र ठणठणीत. सर म्हणतात नाटक, सासूबाई म्हणतात नजर लागली. माझ्या मुलाचं पाचवीत असताना हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ते पोट खरंच दुखतं. मेंदूला धोका जाणवला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं, पचन अडकतं, कळ येते, मळमळतं. समोर साप असो की वर्गात उभं राहून वाचायची वेळ असो, शरीराची धावपळ तीच. रविवारी धोका नाही म्हणून कळ नाही. रविवारी रात्री ती कशी असते ते बघा. माझा मुलगा ताटावर बसल्या बसल्याच गप्प व्हायचा.

सकाळी तो "माय, पोट दुखस व" म्हणाला की माझा जीव कळवळायचा. मी म्हणायचे, राहू दे आज. अर्ध्या तासात तो अंगणात सायकल फिरवायचा आणि घरचे म्हणायचे, बघ, फसवलं तुला. त्याने फसवलं नव्हतं. चूक होत होती ती माझ्याकडून. शाळा टळली की भीती उतरते आणि मेंदू शिकतो की सुटका घरी बसण्यातच आहे. दुसऱ्या दिवशी भीती वाढूनच येते. दुकानदारालाही त्याच्या वतीने मीच उत्तर द्यायचे, रात्री आजी त्याला कुशीत घेऊन झोपायची. सगळं मायेनेच. मानसोपचार डॉक्टरांनी आधी हेच हळूहळू कमी करायला सांगितलं, तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

पण त्याआधी कारण शोधा, शांतपणे, रागावून नाही. कुणी मारतं का, चिडवतं का, नको तिथे हात लावतं का, शाळेतल्या संडासाची अवस्था काय आहे. असं काही असेल तर आधी ते थांबवायला हवं. माझा मुलगा वाचताना 'शाळा'ला 'शाया' म्हणाला आणि सगळा वर्ग हसला होता. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, त्यात त्याचा काय दोष? हे त्याच्या तोंडून निघायला तीन आठवडे लागले.

लाजाळू असणं म्हणजे आजार नाही. भीतीमुळे शाळा, झोप, खेळ, मैत्रिणी सुटायला लागल्या की तो आजार समजायचा. आईपासून दूर जायची भीती मुलांमध्ये ४ आठवडे टिकली तरी डॉक्टर गांभीर्याने घेतात, लोकांसमोर बोलायच्या भीतीसाठी साधारण ६ महिने धरतात. पण शाळा बुडत असेल तर इतकं थांबू नका.

उपचारात खरं काम पायऱ्यांचं असतं. आम्ही पहिल्या आठवड्यात युनिफॉर्म घालून फक्त फाटकापर्यंत गेलो. मग प्रार्थना. मग दोन तास, त्यातही त्याच्या आवडीचा चित्रकलेचा आधी. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. ती चढलेली असतानाच घरी आणलं की सगळं वाया जातं. पूर्ण दिवस बसायला दोन महिने लागले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा थोडं मागे गेलोच. एका शिक्षिकेला विश्वासात घेतलं होतं, त्यांचा फार आधार झाला.

गोळ्यांना घाबरू नका, पण मनाने सुरूही करू नका. २००८ साली अमेरिकेत अशाच भीती-चिंतेचा आजार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांत नुसत्या समुपदेशन-उपचाराने सुमारे ६० टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या सर्ट्रालीन या चिंता कमी करणाऱ्या गोळीने ५५ टक्के, दोन्ही मिळून ८१ टक्के. औषधाविना गोळी दिलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. माझ्या मुलाला गोळी लागली नाही, माझ्या भाचीला लागली, आणि तिला तिचा फायदाच झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ वाटलं किंवा मरणाचं बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या, त्याने बिघडत नाही. फक्त मुलीसमोर 'बाहेरचं' म्हणू देऊ नका, भीतीत भर पडते. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी विचारा. जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून मानसिक त्रासासाठी फोनवर सल्ला देणारी ही सरकारी सेवा सुरू आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

उद्या सकाळी पोट दुखलं की "काही होत नाही" म्हणू नका. म्हणा, "दुखतंय ना, माहीत आहे मला. चल, फाटकापर्यंत मी येते." आतापर्यंत किती दिवस शाळा बुडाली तेवढं इथे लिहा, पहिली पायरी कुठून धरायची ते मिळून ठरवू.