वाचक विचारतात: एस क्लास घरच्या घरी खाली बसवू का?

मागच्या अंकात एअर सस्पेन्शनबद्दल (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी गाडी) जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आलेत की या महिन्यात गाडी खाली घेणं, म्हणजे तिची उभी उंची कमी करणं, हाच एक विषय घेतोय. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, निवडक घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गाव देतो.

प्रश्न (नाशिक): नमस्कार दादा, मी गेल्या वर्षी 2004 ची सेकंडहँड मर्सिडीज एस क्लास घेतली, 220 बॉडी (कंपनीचा मॉडेल कोड), लांब व्हीलबेसवाली म्हणजे पुढच्या मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, एअरमॅटिक म्हणजे तिचं एअर सस्पेन्शन चालू कंडिशनमध्ये आहे. ऑनलाइन ॲडजस्टेबल लिंकचा सेट मागवलाय, पुढे दोन मागे एक. व्हिडिओमध्ये तर अर्ध्या तासात बसवतात. रविवारी घरीच बसवू का? साधारण 40 मिमी खाली घ्यायचीय.

उत्तर: बसवता येतं रे, काम अवघड नाही. पण मी सांगतो ते पूर्ण वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नकोस.

आधी ही लिंक करते काय ते समजून घे. तुझ्या गाडीला स्प्रिंग नाही, चार कोपऱ्यांत हवेचे फुगे आहेत, आणि गाडी किती उंचीवर उभीये हे कंट्रोलरला, म्हणजे सस्पेन्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, तीन लेव्हल सेन्सर सांगतात, दोन पुढे आणि एक मागे मधोमध स्टॅबिलायझरपाशी (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी). प्रत्येक सेन्सरला एक छोटा आर्म असतो आणि तो आर्म खालच्या सस्पेन्शनला एका बोटभर दांडीने जोडलेला असतो, तीच ही लिंक. तू जी मागवलीस तिला दोन्ही टोकांना बॉल जॉइंट आणि मध्ये आटे आहेत, फिरवली की लांबी बदलते. लांबी बदलली की आर्मचा कोन बदलतो, कंट्रोलरला वाटतं गाडी वर गेलीये, तो हवा सोडतो आणि गाडी खाली येते. म्हणजे गाडीत दुसरं काहीच बदललेलं नाही, फक्त कंट्रोलरला चुकीची उंची सांगितलीये. लांब करायची की आखूड हे आर्म कुठल्या बाजूला तोंड करून आहे त्यावर ठरतं, त्यामुळे व्हिडिओ बघून अंदाजाने फिरवू नकोस, आधी जुन्या लिंकची बॉलच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेव, नवीन लिंक बरोबर तेवढ्याच लांबीची करून बसव आणि मग अर्धा अर्धा आटा फिरव. लिंकमधला एक मिलिमीटर चाकापाशी त्याहून बराच जास्त होतो म्हणून घाई नको.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र पहिलं घेतलं ती. आमच्या गॅरेजला काही वर्षांपूर्वी एक मुलगा असंच करत होता, गाडी चाकांवर उभी, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, टायर आणि फेंडरच्या मधून हात आत घालून त्याने जुनी लिंक काढली आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी ड्रायव्हरचं दार उघडलं. दार उघडलं की ही सिस्टिम जागी होते. लिंक सुटलेली म्हणजे आर्म मोकळा लोंबतोय, कंट्रोलरला दिसलं गाडी खूप वर आहे, त्याने फस्सकन हवा सोडली आणि फेंडर टायरवर यायला लागलं. हात निघाला म्हणून बरं, कोपराला खरचटण्यावर भागलं, पण तो आवाज मला अजून आठवतो. दोन टनांच्या आसपासची गाडी आहे ती. म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढ, दारं बंद, चावी खिशात, घरातल्यांना सांगून ठेव की गाडीजवळ येऊ नका, आणि गाडी चांगल्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर अजिबात नाही, विटांवर तर नाहीच.

गाडी उचलून चाकं लोंबत असताना फुग्यातली हवा गेली असेल आणि तू तशीच गाडी खाली उतरवलीस तर रिकामा रबर चुरगळतो, घडी पडते आणि तिथेच फाटतो. उतरवताना पूर्ण वजन टाकायच्या आधी बॅटरी परत जोडून, इंजिन चालू करून फुग्यात हवा भरू दे, मगच जॅक काढ.

आणि 40 मिमी नको, 15 ते 20 वर थांब. ही गाडी हायवेला वेग वाढला की स्वतःहून अजून 15 मिमी खाली बसते, तुझे 40 आणि तिचे 15 मिळून 55 झाले, मग बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाक वर येताना सस्पेन्शन शेवटी ज्या रबराला टेकतं तिथपर्यंत, चाकाला हलायला जागा किती उरली? आणि जुन्या फुग्याचा रबर इतकी वर्षं ज्या जागी वळत होता तिथून सरकून आता नव्या जागी वळणार, वीस वर्षांचा रबर ते सहन करेलच असं नाही. माझ्याकडे लिंक लावल्यावर दोनतीन महिन्यांत पुढचा स्ट्रट (फुगा आणि शॉकअप एकत्र असलेला भाग) लीक होऊन आलेल्या गाड्या आल्यात. लीक झाला की हवा भरणारा कॉम्प्रेसर दिवसभर पळतो आणि मग तोही जातो.

रस्त्याचा हिशोब पण सांगतो कारण तो कुणी करत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद पाहिजे, गोलाई 17 मीटर त्रिज्येची. तुझ्या गाडीचा व्हीलबेस 3085 मिमी, म्हणजे गाडीचं पोट माथ्यावर असताना पुढची आणि मागची दोन्ही चाकं त्याच उंचवट्यावर असतात, त्यामुळे पोटाखालची जागा 10 नाही तर साधारण 7 सेंमीच कमी होते. पण आपल्या कॉलनीतला स्पीडब्रेकर कसा असतो तुला माहितीये, दीड हात रुंद, उंची मनाला येईल तेवढी. तिथे चाकं दोन्ही बाजूंना जमिनीवर आणि पूर्ण उंची पोटाखाली. डॅशबोर्डवर वर करायचं बटण आहेच, पण लक्षात ठेव की ते बटण आता तुझ्या नव्या खालच्या उंचीपासून वर उचलेल, म्हणजे आधी मिळत होती तेवढी उंची मिळणार नाही. रोजच्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट स्पीडब्रेकरची उंची आधी टेपने मोज, मग ठरव.

प्रश्न (कोल्हापूर): वडलांची 1996 ची ई क्लास आहे, 124 बॉडी, साधे कॉइल स्प्रिंग. पुढून जरा उंच दिसते. इथला मेकॅनिक म्हणतो गॅसने एक वेढा कापू, खर्च काहीच नाही. कापू का?

उत्तर: नका हो, कापू नका, हात जोडून सांगतो. 1995 मध्ये पुण्यात मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली ती याच 124 बॉडीपासून, आता चांगल्या अवस्थेतल्या फार कमी उरल्यात आणि तुमच्याकडे तर ती वडलांच्या हातची आहे.

गॅसची ज्योत लावली की त्या जागी स्टीलचं टेंपरिंग, म्हणजे तापवून आणलेली मजबुती, जातं, नंतर तिथूनच स्प्रिंग तुटतो. कापलेलं टोक खालच्या बैठकीच्या खाचेत नीट बसत नाही. आणि वेढा कमी झाला की स्प्रिंग मऊ नाही तर कडक होतो, समजा आठ वेढे काम करत होते आणि एक कापला तर कडकपणा जवळजवळ 14 टक्के वाढतो, शॉकअप मात्र जुन्याच हिशोबाचा. गाडी उड्या मारायला लागते. 124 ची सगळी मजा तिच्या चालण्यात आहे, तीच घालवून दिसायला दोन बोटं खाली आणून काय मिळवणार?

या गाडीला कंपनीनेच सोय ठेवलीये. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला रबराचा जाड पॅड असतो, त्याच्या कडेला बोटाला लागतील असे छोटे उंचवटे असतात, एक, दोन, तीन किंवा चार. ते उंचवटे म्हणजे जाडीची खूण. पुढच्या पॅडची जाडी 8, 13, 18 आणि 23 मिमी अशी चार मापांत मिळते. तुमच्या गाडीला आत्ता कुठला आहे ते बघा, तीन किंवा चारवाला निघाला तर एक माप खालचा टाका. पॅडमध्ये पाच मिलिमीटरचा फरक पडला तरी चाकापाशी तो जास्त दिसतो कारण स्प्रिंग चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर (लोअर आर्म) आतल्या बाजूला बसलेला आहे. आधी हेही तपासा की गाडी उंच का दिसतेय, कधीतरी मागचे स्प्रिंग दमून मागचा भाग बसलेला असतो आणि आपल्याला पुढचं वर वाटतं. मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने फरक पडतो, चाकाच्या सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही बाजूंना, सपाट जागेवर.

हे काम मात्र घरी करू नका. 124 चा पुढचा स्प्रिंग शॉकअपवर नसतो, तो बॉडी आणि लोअर आर्मच्या मध्ये वेगळा दाबून बसवलेला असतो. बाजारात मिळणारे स्प्रिंग दाबायचे दोन हुकवाले स्वस्त कंप्रेसर तिथे नीट बसतच नाहीत, त्याला आतून प्लेट घालून दाबणारा क्लान पद्धतीचा कंप्रेसर लागतो. दाबलेला स्प्रिंग निसटला तर माणसाचा जीवही जाऊ शकतो, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. ज्याच्याकडे तो टूल आहे त्यालाच द्या. आणि आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट ढिले केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावरच टाइट करायचे एवढं त्याला सांगा. लटकत्या चाकावर टाइट केले तर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

प्रश्न (ठाणे): सर, माझ्या मिस्टरांनी त्यांची एअर सस्पेन्शनवाली ऑडी खाली केली, लिंक वगैरे काही टाकलं नाही, एका मित्राने लॅपटॉप लावून केलं. दिसते छान पण टायर आतून खातायत, बाहेरून बघितलं तर नवीनच वाटतात. असं का?

उत्तर: ताई, टायर आतून खातायत हे तुमच्या लक्षात आलं हे फार चांगलं झालं. आतल्या कडेची तार दिसायला लागेपर्यंत बऱ्याच जणांना कळत नाही आणि मग एक्सप्रेसवेवर टायर फुटतो. आजच स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचे आणि खाली वाकून मागचे, टायरची आतली बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघा. तार किंवा कापड दिसत असेल तर ती गाडी नवीन टायर येईपर्यंत घरीच राहू द्या.

लॅपटॉपवाली पद्धत खरं तर लिंकपेक्षा बरी. ऑडीत चाकाच्या सेंटरपासून फेंडरपर्यंतची उंची मोजून कंट्रोलरमध्ये भरायची असते, तिथे खऱ्यापेक्षा जास्त आकडा भरला की कंट्रोलर गाडी तेवढी खाली घेतो. पार्ट काही बदलावा लागत नाही आणि जुना आकडा भरला की गाडी परत होती तशी. पण पुढचं काम त्यांनी सोडलं. गाडी खाली आली की चाकं वरच्या बाजूने आत झुकतात, त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात, आणि त्याचबरोबर टो पण बदलतो, म्हणजे चाकांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर होतात. लोक सगळा दोष कॅम्बरला देतात पण टायर खाण्यात टो बदलण्याचा वाटा मोठा असतो, चाक सरळ गडगडायच्या ऐवजी रोज थोडं थोडं घासत जातं आणि कॅम्बरमुळे ते घासणं आतल्या कडेवर येतं. त्यामुळे चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, फक्त पुढच्या दोन चाकांचं नाही, आणि छापील रिपोर्ट मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही. टो आकड्यात आला आणि कॅम्बर तरी हद्दीबाहेर राहिला तर गाडी थोडी वर घ्यायला सांगा. ॲडजस्टेबल आर्म मिळतात पण थोड्याशा उंचीसाठी तेवढा खर्च करू नये असं माझं मत आहे.

रात्री समोरून येणारे लाइट मारून दाखवतात का हेही मिस्टरांना विचारा. झेनॉन हेडलाइट उंचीच्या माहितीवरून आपोआप खालीवर होतात, ती माहिती बदलली की त्यांचा झोत पुन्हा सेट करावा लागतो. समोरच्या बाइकवाल्याचे डोळे दिपवणारी गाडी मला रस्त्यावर नको वाटते, मग ती कितीही सुंदर उभी असू दे.

प्रश्न (पुणे): आरटीओ आणि इन्शुरन्सचं काय?

उत्तर: मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीमध्ये नोंदलेला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम 182ए खाली मालकाला प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर फाइलला लावा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी): बाबांची पुण्यात सी क्लास आहे, दिवाळीला येताना एच अँड आर किंवा आयबाखचे 30 मिमीवाले स्प्रिंग सामानातून आणावेत का? इथे तर सगळे लावतात.

उत्तर: दोन्ही कंपन्यांचा माल उत्तम आहे, त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण तिकडे लावतात तेव्हा ते टाइलगुटआख्टन, म्हणजे त्या पार्टचं तपासणी प्रमाणपत्र, घेऊन टूफ या तपासणी संस्थेकडे जातात, तपासणारा चाकाला हलायला जागा बघतो, टायर कुठे घासतो का बघतो, हेडलाइट बघतो आणि मग कागदावर नोंद होते, नाहीतर गाडीचा परवानाच रद्द धरतात. इथे ते बघणारं तुझ्या बाबांशिवाय कुणी नाही.

दुसरं म्हणजे कॅटलॉगमधले 30 मिमी हे युरोपातल्या उंचीपासून मोजलेले असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लक्झरी गाड्या इथल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच दिलेल्या असतात, म्हणजे तोच स्प्रिंग इथे टाकला तर गाडी 30 पेक्षा बरीच जास्त खाली येईल आणि शॉकअप मात्र उंच गाडीचे राहतील. शिवाय हे स्प्रिंग इंजिन आणि पुढच्या मागच्या ॲक्सलच्या वजनाप्रमाणे वेगवेगळे येतात, डिझेलचा पेट्रोलला चालतोच असं नाही. बाबांना विचारलंयस का त्यांना गाडी खाली हवीये का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसलेल्या गाडीत शिरणं आणि बाहेर येणं रोजचं काम होऊन बसतं. त्यांची गाडी 60,000 किलोमीटरच्या पुढे गेली असेल तर त्याऐवजी चांगल्या कंपनीचे चार शॉकअप आणि वरचे माउंट घेऊन ये, पार्ट नंबर चॅसी नंबरवरून काढ, मॉडेलच्या नावावरून नको.