कंबरदुखी आणि फिजिओथेरपी

प्रश्न : वय 52. दोन वर्षं कंबर दुखतेय. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुचवली आहे. पण व्यायामानं दुखणं वाढलं तर? आणि गुण यायला किती दिवस लागतील?

उत्तर : पहिल्या दिवशी व्यायाम थोडा, चौकशी जास्त. वाकायला लावतील, झोपवून पाय सरळ उचलून बघतील, पावलांची ताकद तपासतील. सैल पँट घाला. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी न्या.

सुरुवात साधीच असते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलून पाच सेकंद धरायची. असं आठ-दहा वेळा. श्वास रोखू नका, हे बहुतेकांचं चुकतं.

थोडं दुखेलच. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य धरलं, तर तीन-चारपर्यंतचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चालतं. नाही झालं तर व्यायाम सोडू नका, संख्या निम्मी करा. खरा घोटाळा बऱ्या दिवशी होतो : उत्साहात दुप्पट व्यायाम, मग तीन दिवस अंथरूण.

गुण यायला साधारण सहा ते बारा आठवडे धरा, तेही घरी नियमानं केलंत तर. नुसता शेक आणि मशीन लावून घरी पाठवणारं केंद्र असेल, तर खुशाल दुसरं शोधा. शेकानं तात्पुरतं बरं वाटतं, स्नायूंत ताकद येत नाही.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.