वाचकांचे प्रश्न : संगणकावर पॉडकास्ट

गेल्या काही महिन्यांत पॉडकास्टबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली सारखी वाटणारी एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत. मेन्यूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात. इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

फोनचा छोटा पडदा आता झेपत नाही, म्हणून घरच्या विंडोज संगणकावर पॉडकास्ट ऐकायचे आहेत. नातू म्हणतो, 'सबस्क्राइब कर'. त्याला पैसे पडतात का? आणि सुरुवात कुठून करायची?
– निवृत्त शिक्षिका, मिरज

बहुतेक पॉडकास्टना पैसे पडत नाहीत. याच गोंधळामुळे ॲपलने 2021 मध्ये आपल्या ॲपमधलं 'सबस्क्राइब' बदलून 'फॉलो' केलं. पैसे भरून ऐकायचे कार्यक्रम वेगळे असतात आणि तिथे किंमत स्पष्ट लिहिलेली असते. कार्ड क्रमांक कुणी मागितला, तरच सावध व्हायचं.

पॉडकास्ट करणारा आपल्या भागांची एक यादी इंटरनेटवर ठेवतो. तिला फीड म्हणतात. नवा भाग आला की यादीत वर एक नोंद पडते आणि त्या नोंदीत ध्वनिफाइलचा पत्ता असतो. सबस्क्राइब करणं म्हणजे त्या यादीचा पत्ता आपल्या संगणकातल्या प्रोग्रामला देऊन ठेवणं. प्रोग्राम अधूनमधून यादी बघून येतो आणि नवीन काही असेल तर सांगतो. तुमचं नाव, ईमेल यातलं काहीही पलीकडे द्यावं लागत नाही.

विंडोजवर आमची शिफारस जीपॉडर या पॉडकास्टच्या प्रोग्रामची. तो मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं काढावं लागत नाही आणि फाइल तुमच्याच डिस्कवर उतरते. दिसायला जुनाट आहे, पण त्याला इलाज नाही. तो त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. 'फ्री डाउनलोड'ची मोठी हिरवी बटणं असलेल्या साइटवरून घेतलेल्या प्रोग्रामसोबत नको ते पाहुणे येतात. जीपॉडर स्वतः आवाज वाजवत नाही, तो भाग संगणकातल्या प्लेअरकडे सोपवतो, म्हणून व्हीएलसीही बसवून घ्या.

आता 'सबस्क्रिप्शन्स' मेन्यूत 'ॲड पॉडकास्ट व्हाया यूआरएल' निवडा, फीडचा पत्ता चिकटवा आणि 'ॲड' दाबा. डावीकडे कार्यक्रमाचं नाव येईल, उजवीकडे भाग. हवा तो भाग निवडून 'डाउनलोड' करा, उतरला की 'प्ले'. पत्ता माहीत नसेल तर त्याच मेन्यूतलं 'डिस्कव्हर न्यू पॉडकास्ट्स' वापरून नावाने शोधता येतं. मराठी कार्यक्रम शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असं दोन्ही टाकून बघा. एकाच पद्धतीने शोधलं तर पुष्कळ कार्यक्रम हुकतात.

व्हीएलसीत चौकटी कंसाच्या दोन कळांनी वेग कमी-जास्त होतो. बरोबरच्या चिन्हाने तो मूळपदावर येतो. अर्धवट राहिलेला भाग तिथूनच सुरू व्हावा असं वाटत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये 'कंटिन्यू प्लेबॅक'ला 'ऑल्वेज' करा.

मॅक असेल तर 'पॉडकास्ट्स' हा प्रोग्राम आधीच बसवलेला असतो. त्याच्या फाइल मेन्यूत पत्ता घालून फॉलो करण्याची सोय आहे. काहीच बसवायचं नसेल तर ॲपल पॉडकास्ट्स ब्राउझरमध्येही ऐकता येतात, मात्र तिथे फाइल तुमच्याकडे राहत नाही आणि इंटरनेट गेलं की ऐकणंही थांबतं.

पत्ता चिकटवला की एरर येते. एका कार्यक्रमाचं तर नाव दिसतं, पण ऐकायला काहीच येत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता उघडला तर नुसत्या कंसांचा आणि अक्षरांचा ढीग दिसतो. बिघाड कुठे आहे?
– एक वाचक, बार्शी

ढीग दिसला त्या पत्त्यात बिघाड नाही, तो बरोबर आहे. फीड हे माणसाने वाचायचं पान नव्हेच. पूर्वी फायरफॉक्स ते नीट मांडून दाखवायचा, पण 2018 च्या डिसेंबरात आलेल्या 64 व्या आवृत्तीत ती सोय काढून टाकली. ढीग दिसला की वरचा पत्ता जसाच्या तसा उचलून जीपॉडरमध्ये टाका.

एरर येते ती बहुधा कार्यक्रमाच्या वेबपानाचा किंवा स्पॉटिफायचा दुवा चिकटवल्यामुळे. ते दुवे माणसांसाठी असतात, त्यात यादी नसते. वेबपानावरून फीड काढायचा असेल तर कंट्रोल आणि यू दाबा. पानाचा मूळ मजकूर उघडेल. तिथे कंट्रोल आणि एफ दाबून आरएसएस ही तीन अक्षरं रोमन लिपीत शोधा. त्याच ओळीत अवतरणचिन्हांमध्ये पत्ता असतो. तो नुसत्या तिरप्या रेघेने सुरू होत असेल तर त्याच्या आधी संकेतस्थळाचा पत्ता जोडावा लागतो. हे ध्यानात न आल्यामुळे बरेच जण इथेच अडकतात.

नाव दिसतं पण भाग येत नाहीत, तिथे तुम्हाला लेखांचा फीड मिळाला आहे. एकाच संकेतस्थळाचे दोन फीड असू शकतात, एक लेखांचा आणि एक ध्वनीचा. मूळ मजकुरात खाली आणखी शोधा, दुसरी ओळ सापडेल.

सगळ्याच कार्यक्रमांना एकदम 'सर्टिफिकेट'ची एरर येऊ लागली तर आधी संगणकाचं घड्याळ बघा. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग सुरक्षित जोडणी होत नाही. तारीख दुरुस्त केली की काम सुरू होतं. सेल बहुतेक वेळा सीआर 2032 हा बटणासारखा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

कार्यक्रम दहाच लावले आहेत, तरी महिन्याचा डेटा संपतो आणि 'वनड्राइव्ह भरला' अशी सूचना येते. मी तर वनड्राइव्ह कधी वापरलाच नाही.
– एक वाचक, फोंडा

आधी डेटाचा हिशोब. ध्वनीच्या एका सेकंदाला किती डेटा लागतो, ते केबीपीएसमध्ये मोजतात. 128 केबीपीएसचा एक तास म्हणजे सुमारे 58 एमबी. नुसत्या बोलण्याचा कार्यक्रम 64 वर असेल तर साधारण 29. दहा कार्यक्रम, प्रत्येकाचा आठवड्याला तासाचा एक भाग, असं धरलं तर आठवड्याला 580 एमबी आणि महिन्याला अडीच जीबी होतात. यात चित्रफितींचे कार्यक्रम असतील तर हा हिशोब विसरा. ते कितीतरी पटींनी मोठे असतात, आणि डेटा संपण्याचं कारण बहुधा तेच निघतं.

जीपॉडरच्या प्रेफरन्सेसमधल्या 'अपडेटिंग'मध्ये नवे भाग सापडल्यावर काय करायचं, ते ठरवता येतं. तिथे 'डाउनलोड इमिजिएटली' असेल तर बदलून यादी दाखवण्याचा पर्याय निवडा. मग हवं तेवढंच उतरेल. तिथलाच भागांच्या कमाल संख्येचा आकडा मुळात 200 असतो. दैनंदिन बातम्यांच्या कार्यक्रमाला एवढे कशाला? पण एखाद्या जुन्या मालिकेचा पहिला भाग यादीत दिसत नसेल तर हाच आकडा वाढवून बघायचा. तरीही दिसला नाही, तर निर्मात्यानेच फीडमधून जुने भाग काढलेले असतात.

आता वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल साठवण्याची जागा. जीपॉडर आपल्या फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्ये स्वतःच्या फोल्डरात ठेवतो. नव्या विंडोजमध्ये हे डॉक्युमेंट्स पुष्कळदा तुमच्या नकळत वनड्राइव्हला जोडलेलं असतं, आणि तिथली फुकट जागा 5 जीबीच. म्हणजे प्रत्येक भाग एकदा खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. तुमचा डेटा दोनदा खर्च होत होता. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', त्यात 'मॅनेज बॅकअप' उघडून डॉक्युमेंट्स बंद करा. बंद केल्यावर जुन्या फाइल कधी कधी वनड्राइव्हच्याच फोल्डरात राहतात. आधी जीपॉडर बंद करून त्याचं पूर्ण फोल्डर संगणकावरच्या डॉक्युमेंट्समध्ये आणून ठेवा, मगच प्रोग्राम उघडा.

ऐकलेले भाग आपोआप पुसण्याची सोय जीपॉडरच्या प्रेफरन्सेसमधल्या 'क्लीन-अप'मध्ये आहे. तिथे आठवडाभराची मुदत ठेवायला हरकत नाही. मात्र बाहेरच्या प्लेअरमध्ये भाग उघडला की जीपॉडर तो ऐकला असं धरतो, मग तुम्ही दोन मिनिटांत बंद का केला असेना. ठेवायचा भाग असेल तर त्यावर उजवी कळ दाबून तो आधी कुलूपबंद करा. आणि डावीकडून अख्खा कार्यक्रम काढला तर त्याचे उतरवलेले भागही जातात, हे लक्षात ठेवा.

गाडीत ऐकायला भाग पेनड्राइव्हवर घेतो. काही वाजत नाहीत, नावांच्या जागी चौकोन दिसतात आणि क्रम उलटसुलट लागतो.
– एक वाचक, जळगाव

पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट करा. गाडीतल्या अनेक प्लेअरना एनटीएफएस ही विंडोजची दुसरी पद्धत वाचता येत नाही. 32 जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत तो पर्याय मिळत नाही, म्हणून 16 किंवा 32 जीबीचाच घ्या. 32 मध्ये 128 केबीपीएसचे पाचशेहून जास्त तास मावतात, जळगावहून कुठेही गेलात तरी पुरतील.

न वाजणारे भाग एम4ए प्रकारचे असण्याची शक्यता आहे. व्हीएलसीत 'मीडिया' मेन्यूतल्या 'कन्व्हर्ट / सेव्ह'मधून एमपी3 करून घ्या.

चौकोन दिसतात, कारण प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरसंच नसतो. फाइलचं नाव रोमनमध्ये बदलून पुरत नाही. अनेक प्लेअर फाइलच्या आत नोंदवलेलं शीर्षक दाखवतात. फाइलवर उजवी कळ, 'प्रॉपर्टीज', 'डिटेल्स' इथे ते बदला. क्रमासाठी नावाच्या सुरुवातीला तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तरीही क्रम चुकला तर तुमचा प्लेअर फाइल ज्या क्रमाने आत आल्या तोच धरतो आहे. पेनड्राइव्ह रिकामा करून फाइल एकेक करून, हव्या त्या क्रमाने टाका.

गूगल पॉडकास्ट्स बंद झालं आणि माझी सगळी यादी गेली. आता नव्या ठिकाणी पुन्हा तेच झालं तर?
– एक वाचक, बडोदा

गूगलने ती सेवा 2024 मध्ये बंद केली. यादी बाहेर काढायला मुदत दिली होती, ती उलटून गेली आहे. आता नावं आठवून पुन्हा लावण्यावाचून मार्ग नाही.

पुढच्या वेळेसाठी ओपीएमएल नावाची फाइल काढून ठेवा. ती तुमच्या सगळ्या फीडच्या पत्त्यांची यादी असते, आकाराने अगदी लहान, ईमेलने स्वतःलाच पाठवता येईल एवढी. जीपॉडरच्या 'सबस्क्रिप्शन्स' मेन्यूत 'एक्स्पोर्ट टू ओपीएमएल फाइल' आहे. दुसऱ्या संगणकावर किंवा अँड्रॉइड फोनवरच्या अँटेनापॉडमध्ये ती आयात केली की सगळे कार्यक्रम हजर. त्यात फक्त पत्ते जातात. उतरवलेले भाग आणि कुठवर ऐकलं याची खूण जात नाही. नवीन प्रोग्राम निवडताना त्यात ओपीएमएल बाहेर काढता येतं का, एवढं आधी तपासा. येत नसेल तर आम्ही तो वापरणार नाही.

मला आवडणारे दोन मराठी पॉडकास्ट जीपॉडरमध्ये सापडतच नाहीत.
– एक वाचक, ठाणे

ते बहुधा फक्त स्पॉटिफायसारख्या एकाच ठिकाणी आहेत. ज्याला सार्वजनिक फीड नाही, ते अशा प्रोग्राममध्ये येत नाही. ते तिथेच ऐकावे लागतील. निर्मात्यांना फीड सुरू करा म्हणून जरूर कळवा. ऐकणाऱ्यांनी मागणी केल्याशिवाय त्यांना त्याची गरज जाणवत नाही.