साखर वाढली की फक्त ताटातच शोधू नका

“सगळं पथ्य पाळते हो मी, मॅडम. तरी शुगर वाढतेच.” हे वाक्य माझ्यासमोर बसून इतक्या जणांनी म्हटलंय, की सुरुवात झाली की शेवट मला आधीच कळतो. म्हणणारे बहुतेक साठीच्या आसपासचे. त्यांचा मधुमेह एकटा आलेला नसतो. सोबत बीपी, थायरॉइड, गुडघे, कुणाला दमा, कुणाची किडनी थोडी मंदावलेली. प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा, फाइल वेगळी. मग जरा खालच्या आवाजात दुसरं वाक्य येतं, “माझंच काहीतरी चुकतंय.”

मी समुपदेशक. माझं काम या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतं. आणि माझा अनुभव असा, की ते सुटलं की पहिल्याचं उत्तर शोधणं डॉक्टरांनाही सोपं जातं.

साताऱ्याच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच महिन्यांच्या भेटी इथे मोजक्या संवादांत आणल्या आहेत.

काकू सहकारी बँकेतून कॅशिअर म्हणून निवृत्त झालेल्या. मधुमेह चौदा वर्षांचा, बीपीची गोळी त्याहून जुनी, तरुणपणापासून अधूनमधून दमा आणि अलीकडे दोन्ही गुडघे. त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांनी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: ‘उपाशीपोटी १२५च्या आसपास, एचबीए१सी ८.९. खाण्याचं खरं सांगत नाहीत असं वाटतं. बोलून बघा.’

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली यावरून एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ८.९ म्हणजे सरासरी साखर दोनशेच्या वर. सकाळी १२५ आणि सरासरी दोनशे, याचा अर्थ दिवसभरात कधीतरी साखर चांगलीच चढत होती आणि सकाळच्या तपासणीत ती दिसत नव्हती. (रक्तक्षय असेल तर हे एचबीए१सीसुद्धा चकवू शकतं. काकूंचं हिमोग्लोबिन ठीक होतं.) डॉक्टरांचा संशय ताटावर होता, घरच्यांचाही ताटावरच. आणि खुद्द काकूंचाही.

पहिल्या भेटीला काका सोबत होते आणि तेच बोलत होते. “रोज सकाळी मी स्वतः मशीनवर बघतो. जास्त आली की विचारतो, काल काय खाल्लंस? तर म्हणे काही नाही. काही नाही खाल्लं तर वाढते कशी?” काकांना मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

“आकडा वाढलेला दिसला की तुम्ही काय करता, काकू?”

“रात्रीचं जेवण बंद.”

“आणि गोळी?”

“ती घेते ना! गोळी चुकवून कसं चालेल?”

इथे मी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात जेवण असो वा नसो. जेवण टाळून ती घेणं म्हणजे साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याला आमंत्रण. आणि तसं झालंही होतं. एका रात्री दोनच्या सुमाराला दरदरून घाम, हातपाय थरथर, मशीनवर ५८. घाबरून त्यांनी देवापुढचे चार-पाच पेढे खाल्ले. सकाळी २८०. काकांनी विचारलं, काय खाल्लंस? या वेळी उत्तर होतं, आणि ते देताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, सुधारली की थोडं खाऊन घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवायचं. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. हे मी काकूंना आणि बाहेर बसलेल्या काकांनाही समजावलं. पण तेवढ्यावर थांबले असते तर काकूंनी पुढच्या वाढलेल्या आकड्याला पुन्हा उपासच केला असता. कारण तो उपास पथ्यासाठी नव्हताच. ती शिक्षा होती.

मी ज्या विचारपद्धतीत घडले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. भावना घटनेतून थेट येत नाही, घटनेबद्दल आपण मनाशी जे म्हणतो त्यातून येते, हे तिचं सार. एलिसना स्वतःला चाळिशीपासून मधुमेह होता आणि ते ९३ वर्षं जगले, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द मला जरा जास्तच वजनदार वाटतो. साखर आटोक्यात असावी ही इच्छा. ती असायलाच हवी, नसली तर मी बेजबाबदार बाई, हा हट्ट. इच्छा माणसाला तपासणीला नेते, हट्ट आकडा लपवायला शिकवतो. पण हे असं व्याख्यान काकूंपुढे दिलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन जेवण बंद केलं असतं. मी वाट बघितली. माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात कुठेतरी त्याचं उत्तर पडलेलं असतं, आपल्याला फक्त त्या कोपऱ्यापर्यंत त्याच्यासोबत जावं लागतं.

काकूंचा तो कोपरा बँकेत सापडला. बोलता बोलता म्हणाल्या, “आमच्या वेळी संध्याकाळी कॅश जुळली नाही की कॅशिअरनं खिशातून भरायचं. तशीच आहे ही शुगर. कमी-जास्त निघालं की मीच भरायचं.”

“तूट दिसली की लगेच पर्स उघडायचात?”

“लगेच कशाला? आधी शोधायचं.”

“कुठे?”

“व्हाउचर बघायची. स्लिपा. नोटांची बंडलं पुन्हा मोजायची. कधी दुसऱ्या काउंटरच्या क्लार्कनं एन्ट्री चुकवलेली असायची. एकदा तर मॅनेजरसाहेबांचीच—”

आणि काकू थांबल्या. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी छान बोलायची फार खाज सुटते. ती आवरणं हेच आमच्या कामातलं मुख्य कौशल्य आहे असं मला वाटतं, आणि इतक्या वर्षांत ते मला बऱ्यापैकी जमू लागलंय.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “मी फक्त माझंच काउंटर तपासत बसले होते का?”

“बाकीची काउंटरं कोणती?”

बोटांवर मोजू लागल्या. छातीचे डॉक्टर. हाडांचे डॉक्टर. बीपीचे डॉक्टर. मेडिकलवाला. शेजारच्या वहिनींनी दिलेला गुडघ्यांचा काढा. झोप.

पुढच्या भेटीला त्या घरातलं सगळं पिशवीत घालून घेऊन आल्या. मी त्यांना एकच कागद करायला लावला. औषधाचं नाव, कशासाठी, कुणी दिलं, कधी घेता. गोळ्या, इंजेक्शनं, दम्याचा पंप (इन्हेलर), काढे, चूर्णं, सगळं त्यावर. हा कागद मी जवळजवळ प्रत्येकाला करायला लावते. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल सल्ला देत नाही. पण कागद करायला लावायला डॉक्टर असावं लागत नाही.

पिशवीच्या तळाशी प्रेडनिसोलोनची अर्धी स्ट्रिप निघाली. “ही केव्हा घेता?”

“दम लागला की. मागे छातीच्या डॉक्टरांनी पाच दिवस दिली होती. फार बरं वाटलं होतं. आता तसं वाटलं की सकाळी चहाबरोबर घेते, दोन-चार दिवस. मेडिकलवाला ओळखीचा आहे.”

“महिन्यातून कितीदा?”

“थंडीत जास्त.”

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. दम्याचा जोराचा झटका आला तर ते जीव वाचवतं, त्याला नावं ठेवायचं काहीच कारण नाही. पण ते साखर वाढवतं, आणि सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दुपारपासून संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त दिसतो. रात्रीतून तो ओसरतो आणि उपाशीपोटीचा आकडा बऱ्यापैकी सभ्य येतो. काकांचं मशीन रोज सकाळी सातला चालायचं! त्यातच दोन महिन्यांपूर्वी गुडघ्यात दिलेलं इंजेक्शनही स्टेरॉइडचंच होतं. त्यानंतरही काही दिवस साखर वर राहू शकते. हाडांच्या डॉक्टरांना मधुमेह माहीत होता, मधुमेहाच्या डॉक्टरांना इंजेक्शन माहीत नव्हतं.

मी काकूंना एकच गोष्ट बजावली, हे वाचणाऱ्यांनाही बजावते. कागद बघून स्वतःच्या मनानं काहीही बंद करायचं नाही. स्टेरॉइड बराच काळ चालू असेल तर ते अचानक तोडणं धोक्याचं असतं. कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं आणि जे आहे ते सांगायचं.

“रागावतील.”

“कदाचित. रागावले तर काय होईल?”

“वाईट वाटेल.”

“सहन होईल?”

हसल्या. “सत्तावीस वर्षं ग्राहकांचं ऐकलंय, मॅडम.”

डॉक्टर रागावले नाहीत. आठवडाभर दिवसातून चार वेळा साखर तपासायला सांगितली. प्रेडनिसोलोन घेतलेल्या दिवशी दुपारी चारला २९०, न घेतलेल्या दिवशी १७०. खाणं तेच. त्यांनी मला फोन करून विचारलं, हे कसं काढलंत? मी म्हटलं, मी नाही, तुमच्या पेशंटनं व्हाउचर तपासली. खोटं कशाला बोलू, तो फोन मला आवडला.

पुढचा धागा दम्याकडे गेला. पंप रोज घ्यायला सांगितलेला असताना काकू तो घेत नव्हत्या. “सवय लागते ना त्याची.” हा गैरसमज इतका पसरलाय की मी तो सोडवण्याचा मक्ताच घेतलाय. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं ते असं, की गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि सगळ्या अंगभर फिरतं, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट लहान मापात, आणि ते थेट फुप्फुसात जातं. पंप नियमित घेतला तर गोळीची वेळच कमी येते. घेतल्यावर गुळण्या करायच्या. काकूंची खरी अडचण मात्र वेगळी होती. लग्नाकार्यात चारचौघांत पंप ओढायचा कसा? त्यावर आम्ही आकड्यांपेक्षा जास्त वेळ घालवला. पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी तो सगळ्यांसमोर घेतला. कुणी बघितलं नाही. त्यांना थोडं वाईटच वाटलं म्हणे.

काकांशी स्वतंत्र बोलणं झालं. प्रेमळ माणूस, पण प्रेम पोलिसी थाटाचं. “काल काय खाल्लंस?” या प्रश्नाला लपवाछपवीशिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी “काल काय काय वेगळं झालं?” असं विचारून बघा म्हटलं. मग उत्तरात झोप येते, सर्दी येते, दाढदुखी येते, मुलाशी झालेलं भांडण येतं, बदललेली गोळी येते, आणि हो, कधी श्रीखंडही येतं. ताट निर्दोष असतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. काकूंच्या संकष्टीच्या साबुदाणा खिचडीवर आहारतज्ज्ञांनी चांगलीच कात्री चालवली.

काकूंसारखेच पण वेगळ्या काउंटरवर अडकलेले लोक मला सतत भेटतात. एका गृहस्थांच्या गुडघ्यावरच्या ‘गावठी’ पुडीला आठ दिवसांत जादूसारखा गुण आला आणि साखर चारशेकडे गेली. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे फार पटकन बरं वाटलं तर आनंदाबरोबर शंकाही यायला हवी. एका आजींची साखर काही न करता छान खाली येऊ लागली आणि घरात पेढे वाटायची वेळ आली. किडनी मंदावली की इन्शुलिन आणि काही गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात, म्हणून उतरणारा आकडाही डॉक्टरांना दाखवायचा असतो. बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना साखर कमी झाल्याची धडधड-थरथर जाणवेलच असं नाही. घाम मात्र बहुधा सुटतो, तेव्हा तो थट्टेवारी नेऊ नये. साखर तीनशेच्या वर टिकून राहिली आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर समुपदेशक नको, कागदही नको, त्याच क्षणी दवाखाना.

आणि लक्ष्य स्वतःचं स्वतः ठरवू नका. एचबीए१सी सातच्या आत, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण वय जास्त, दुखणी अनेक आणि साखर एकदम खाली जाण्याचा धोका असेल तर डॉक्टर बहुधा आठच्या आसपास समाधानी असतात. काकूंच्या डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलं आणि ग्लिमेपिराइड बदलून दिली. सहा-सात महिन्यांनी एचबीए१सी ७.७ आलं. काकूंना ते सात हवं होतं. हट्ट इतक्या सहज कुठला जायला!

परवा त्यांचा फोन आला. “मॅडम, सकाळी २६० आली. काल रात्री नेहमीसारखी जेवले, आत्ता नाश्ताही केला. परवापासून लघवीला जळजळ होतेय, ती एन्ट्री असणार. अकराची अपॉइंटमेंट घेतलीय, कागद पर्समध्ये टाकलाय. तुम्हाला आपलं कळवून ठेवलं.” मागून काकांचा आवाज येत होता, “आणि तापाचं सांग, शंभर आहे!”